डॉर्कसमावशी कुणाची

ऑर्फा विक्स वयाच्या सव्विसाव्या वर्षी म्हातारी झाली. देवी आल्या, त्यातून जीव वाचला, पण तोंड व्रणांनी भरलं. आमच्या सिनसिनाटीच्या नाटक कंपनीचे मालक थॅडियस क्रल यांनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "बाई, नायिका वगैरे विसरा आता. म्हाताऱ्यांची जागा रिकामी आहे. घेताय?" नवरा दोन वर्षांपूर्वी कॉलऱ्यात गेलेला. तिनं जागा घेतली.

आमच्याकडे तेव्हा प्रत्येकाचं खातं ठरलेलं असायचं. कुणी नायक, कुणी खलपुरुष, कुणी बापाची कामं करणारा, कुणी म्हातारी. आणि आपल्या खात्यात एखादी भूमिका तुम्ही पहिल्यांदा उभी केलीत, की ती तुमची. मग तुम्ही कंपनीत असेपर्यंत दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा ती काढून घ्यायची नाही. कागद नाही, सही नाही, नुसती रीत. रीत पाळणारी माणसं होती तोवर कागदाची गरज कुणाला वाटली नाही.

मी एलनाथन प्राउटी, त्या कंपनीचा प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत तिवईवर बसून मी चोवीस वर्षं लोकांना त्यांची वाक्यं आठवून दिली. बाई गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल खरं ते लिहायचं धाडस मला आता होतंय, कारण मला नोकरीवरून काढून टाकेल असा कुणी आता उरलेला नाही. असलं धाडस काय कामाचं ते मला ठाऊक आहे.

अठराशे त्रेपन्न साली लायमन ॲव्हरिल नावाच्या वकिलानं 'एका दिवसाची पाहुणी' हे विनोदी नाटक लिहून आणलं. क्रलसाहेबांचे दोन खटले त्यानं जिंकून दिले होते, म्हणून नाटक घ्यावं लागलं. कथा अशी की ओहायोतल्या एका जमीनदाराच्या घरी त्याच्या वारलेल्या बायकोची डॉर्कसमावशी एका दिवसासाठी येते आणि हलायचं नाव घेत नाही. कल्पना बरी होती. पण ॲव्हरिलनं मावशीला उणीपुरी अकरा वाक्यं दिली होती आणि बाकी तीन अंक जमीनदार आणि त्याच्या मुली राजकारणावर बोलत बसल्या होत्या. शेवटी मावशी पुढे येऊन आठ ओळींचं भाषण करते आणि पडदा पडतो. 'मित्रहो, आतिथ्य हाच आपल्या प्रजासत्ताकाचा पाया' अशी त्या भाषणाची सुरुवात. मीच ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं.

आठ दिवस तालीम झाली. तालमीत नाटकाचं शेवटचं वाक्य कुणी म्हणत नाही, हे नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही. पैसे देऊन आलेले लोक समोर नसताना नाटक पुरं केलं, तर ते पुरं झालंच, मग त्याला पुढं आयुष्य राहत नाही, असं आम्ही मानतो. म्हणून शेवटाशी आलो की बाई नुसत्या पुढे यायच्या, हात जोडून "आणि मग ते" म्हणायच्या आणि क्रलसाहेब टाळी वाजवायचे. ॲव्हरिल पहिल्या रांगेत बसून कुरकुरायचा, "अहो, पण माझं भाषण?" क्रलसाहेब म्हणायचे, "ते प्रयोगाच्या दिवशी ऐका."

प्रयोगाच्या दिवशी दोन अंक पडले. पडले म्हणजे सपशेल पडले. वरच्या गॅलरीतली कसाईखान्याची पोरं शेंगांची टरफलं खाली टाकायला लागली होती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी मावशी जायला निघते. घरातले सगळे दाराशी रांगेनं उभे. बाईंनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, हनुवटीखाली फीत बांधली. पुढं आल्या. मी वहीवर बोट ठेवून बसलो होतो. बाई गप्प. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच म्हटलं, "मित्रहो, आतिथ्य हाच..." बाई गप्पच. मी मोठ्यानं म्हटलं, "मित्रहो, आतिथ्य!" तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही मिटली. मग त्यांनी सावकाश फीत सोडली, टोपी काढली, परत खुंटीला अडकवली, जमीनदाराच्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "बरं, जेवायला काय आहे?"

मग गॅलरीतून जो हशा उठला, तो खाली येईस्तोवर क्रलसाहेबांनी पडदा टाकायला सांगितला. ॲव्हरिल लालबुंद होऊन विंगेत आला. "माझं भाषण! बाई, तुम्ही माझं भाषण गिळलंत!" तेवढ्यात बाहेर लोक ओरडायला लागले, "लेखक! लेखक!" तो गेला, वाकला, टाळ्या घेतल्या. परत आला तो हसतच. "शेवट चांगला वठला, नाही?" त्या दिवसापासून तो शेवट त्याला स्वतःचाच वाटायला लागला. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याला खरंच तसं वाटायचं.

पुढची चोवीस वर्षं ते नाटक आमच्या कंपनीचं पोट होतं. आणि नाटकात जे काही होतं, ते बाईंचं होतं. लोणच्याची बरणी काखेत धरून घरभर हिंडणं त्यांनी घातलं. दुसऱ्याच्या बिछान्यातली उशी दाबून बघणं त्यांनी घातलं. जमीनदाराला एक शब्द न बोलता, नुसतं त्याच्यापुढं उभं राहून, त्याच्याच खुर्चीतून उठवणं त्यांनी घातलं, आणि त्या एका जागेला लोक मिनिटभर हसत. अकरा वाक्यांची साठ झाली.

मी प्रत्येक हशाची जागा वहीत लाल शाईनं टिपून ठेवत होतो. कामच होतं ते माझं. एकदा त्यांनी पाहिलं.

"नाथन, काय खरडतोयस रे?"

"बाई, जागा लिहून ठेवतोय. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडले तर दुसरं नाटक लावा. माझं नको लिहूस."

"लिहून ठेवलं म्हणजे तुमचं आहे हे कळेल तरी लोकांना."

"वही कुणाची आहे?"

"कंपनीची."

"मग?" एवढंच म्हणून त्या गेल्या. मला तेव्हा वाटलं, बाई उगीच तिरकस बोलतात. मी लिहीत राहिलो, आणि मनातल्या मनात समजत होतो की मी त्यांचं भलं करतोय. अक्षर माझं फार चांगलं होतं.

उत्तर-दक्षिणेची यादवी लढाई संपल्यानंतर दोन वर्षांनी क्रलसाहेबांनी ती वही ॲव्हरिलला देऊन टाकली आणि ॲव्हरिलनं ती छापली. पातळ, पिवळ्या वेष्टनाचं पुस्तक. लाल शाईतलं सगळं माझं लिखाण तिरक्या अक्षरात, शब्दाला शब्द. मी इतका फुशारलो, की एक प्रत विकत घेऊन बाईंना नेऊन दाखवली. नटांच्या खोलीत त्या कॉफी पीत बसल्या होत्या. पहिलं पान त्यांनी दोनदा वाचलं. तिथं मधल्या काळात न्यूयॉर्कला झालेल्या एका प्रयोगातल्या नटांची नावं होती.

"यात मी कुठंय?"

"आत आहात ना बाई, सगळीकडे तुम्हीच आहात."

"नाव विचारतेय मी."

नाव नव्हतं. मी काहीबाही सांगितलं. त्यांनी पुस्तक मला परत दिलं आणि कॉफी संपवली.

मग गावोगावच्या चर्चमधल्या मंडळ्या ते नाटक करायला लागल्या. हॅमिल्टनला एका शाळामास्तरणीनं डॉर्कस केली, ती बघायला बाई मुद्दाम गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पोरगी गुणी आहे. पण टोपीची फीत डाव्या हातानं सोडते."

"तुम्हीही डाव्यानंच सोडता की."

"माझा उजवा खांदा धरलाय म्हणून. स्टीमरच्या जिन्यावरून पडले होते तेव्हापासून. तिच्या खांद्याला काय झालंय? मी विचारलं तिला. म्हणाली, पुस्तकात तसं लिहिलंय." त्या हसल्या, पण ते हसू मला आवडलं नाही. "माझं दुखणंसुद्धा लिहून दिलंस का रे बाबा तू?"

पुढं काळच फिरला. आगगाडीनं न्यूयॉर्कच्या कंपन्या यायला लागल्या, एकच नाटक घेऊन, पडद्यांसकट, नटांसकट. गावच्या कंपन्यांना कोण विचारतो? सत्याहत्तर साली क्रलसाहेबांनी कुलूप लावलं. 'एका दिवसाची पाहुणी' न्यूयॉर्कच्या एका मालकानं ॲव्हरिलकडून विकत घेतलं होतं. मिस लिओनोरा फेन, वय तीस, तोंडाला सुरकुत्या रंगवून डॉर्कस करायची. त्यांना वही जाणणारा प्रॉम्प्टर हवा होता. मला बोलावलं, मी गेलो. माझं वय पन्नास, दुसरं काय येत होतं मला? बाईंनी मला दोष दिला नाही. मी मात्र त्यांना तोंड दाखवायचं टाळलं.

बाई हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. जुने चार नट गोळा करून त्यांनी नदीकाठच्या लहान गावांतून तेच नाटक करायचं ठरवलं. पहिल्या जाहिरातीबरोबरच न्यूयॉर्कच्या मालकाची नोटीस आली. डॉर्कसची भूमिका करायची नाही. बाईंनी जमेल तसा एक वकील धरला. "नाटक त्यांचं असेल," त्या म्हणत, "जमीनदार त्यांचा, पोरी त्यांच्या, राजकारण त्यांचं. मावशी माझी. ती मी कुणाला विकलेली नाही." मावशी गेली तर त्यांच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या मार्च महिन्यात सकाळी दहाला खटला उभा राहिला. आमची न्यूयॉर्कची कंपनी त्या आठवड्यात सिनसिनाटीतच होती, म्हणून साक्षीला मलाही आणलं होतं, मालकाच्या बाजूनं. बाईंनी पहिल्या प्रयोगाची सगळी हकीकत सांगितली. भाषण कसं गाळलं, टोपी कशी परत टांगली. न्यायाधीश म्हातारे, जरा गमत्या स्वभावाचे होते. म्हणाले, "मी हे नाटक कधी पाहिलं नाही, आणि आता पाहायला वेळ नाही. ते शेवटचं म्हणून दाखवा बघू एकदा. टोपी आहे तुमच्या डोक्यावर. बघू दे तरी, असं काय आहे त्यात."

बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता जिंकल्या. कारण त्यांनी ते नुसतं केलं असतं, तर त्या खोलीतल्या एकाही माणसाला शंका उरली नसती की हे कुणाचं आहे. फीत सोडायला त्यांचा हात वर गेला आणि मग खाली आला.

"इथं नाही म्हणता येणार, साहेब."

"का हो?"

"नाटक झालेलं नाही. प्रेक्षक नाहीत. शेवटचं वाक्य असं रिकामं म्हणत नाहीत. म्हटलं तर ते नाटक माझ्या हातून कायमचं जातं."

"बाई, ते तसंही जायच्याच बेतात आहे," न्यायाधीश म्हणाले आणि सगळे हसले. बाईंच्या वकिलानं त्यांच्या कानाशी लागून विनवणी केली. त्या हलल्या नाहीत. मला त्यांचा इतका राग आला! आणि सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं नसतं. आमच्यातल्या कुणीच म्हटलं नसतं.

मालकाचा वकील चटकन उठला. "म्हणजे तालमीतही तुम्ही हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं?"

"नाही."

"कुणीच ऐकलेलं नव्हतं?"

"कसं ऐकणार? म्हणतच नाहीत."

"मग लेखकानं तुम्हाला हेच वाक्य लिहून दिलं नव्हतं, हे कुणाला ठाऊक?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "त्याला. तो वही घेऊन बसला होता."

मला उभं केलं. वकिलानं विचारलं, "या बाईंनी तालमीत हे वाक्य म्हटल्याचं तुम्ही ऐकलंत?"

"नाही."

"वहीत शेवटी काय आहे?"

"'जेवायला काय आहे', असं आहे."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

जुन्या भाषणावर मीच कागद डकवून हे वाक्य लिहिलं होतं, पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी. ते त्यानं विचारलं नाही. बाईंच्या वकिलानं मला एकही प्रश्न विचारला नाही. शत्रूच्या माणसाला कशाला बोलतं करा, असं वाटलं असावं त्याला. तेव्हा बाई जागेवरूनच ओरडल्या, "अहो, विचारा ना त्याला! त्या दिवशी विंगेतून त्यानं मला काय सांगितलं ते विचारा! दोनदा सांगितलं त्यानं!"

न्यायाधीशांनी हातोडी आपटली. "बाई, खाली बसा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

मी अजून पिंजऱ्यातच होतो. मला तोंड होतं. 'साहेब, मी सांगतो,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी चोवीस वर्षं पैसे कशाचे घेतले होते? कुणी अडकलं की पुढचे शब्द द्यायचे, याचेच ना? समोर पहिल्या बाकावर आमच्या कंपनीचा व्यवस्थापक बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी मूग गिळून खाली उतरलो. दहा मिनिटांत निकाल लागला. डॉर्कस मालकाची. मालकाच्या परवानगीखेरीज मिसेस विक्स यांनी ती करू नये.

बाई एका खाणावळीत स्वयंपाकाला लागल्या. सफरचंदाचं सारण भरून पोळ्या भाजायच्या आणि डुकराचं मांस शिजवायच्या. नदीवरचे हमाल जेवायला यायचे. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आमचा मुक्काम डेटनला होता. दुपारी मिस फेनचा आवाज बसला, पार बसला, आणि तिकिटं सगळी गेलेली. व्यवस्थापक माझ्या मागे लागला, "प्राउटी, ती तुमची म्हातारी कुठं असते?" तार केली. बाई तीनच्या गाडीनं आल्या, त्याच कपड्यांत, बाह्यांना पीठ लागलेलं. मला वाटलं होतं, येणार नाहीत. दोन वर्षं झाली होती त्यांना रंगमंचावर उभं राहून. भूक माणसाला काय काय करायला लावते, आणि ही भूक पोटाची नव्हती.

व्यवस्थापक म्हणाला, "हे बघा बाई, पुस्तकात आहे तसंच करायचं. पदरचं काही घालायचं नाही हं."

"नाही घालत," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे तसंच करते."

आणि तसंच केलं. बरणी, उशी, खुर्ची. फीत डाव्या हातानं सोडली. चौपन्न वर्षांची बाई, खरी म्हातारी झालेली, पण तिच्या एकेका पावलाला लोक खुर्च्यांवर कोसळत होते. विंगेत कंठाला फडकं गुंडाळून मिस फेन उभी होती. ती कुजबुजत म्हणाली, "कसं करते हो ही? मी तर हेच सगळं करते." मी वहीत बघत होतो, पण अक्षर दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनातल्या उपाहारगृहात आम्ही दोघं कॉफी प्यायला बसलो. त्यांची गाडी दक्षिणेकडे, माझी उत्तरेकडे. कितीतरी दिवसांनी बाई प्रसन्न होत्या. अंडी मागवली, मका घातलेली पोळी मागवली. म्हणाल्या, "बरणीच्या वेळी दुसऱ्या रांगेतला तो जाडा बघितलास? मला वाटलं, इथंच जातो हा." मग त्यांनी शेजारच्या टेबलावरचं गावातलं वर्तमानपत्र ओढलं. नाटकाबद्दल तळाशी पाच ओळी होत्या. त्यांनी वाचल्या आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं.

'मिस फेन यांच्या जागी ऐन वेळी उभ्या राहिलेल्या कुणा मिसेस विक्स यांनी मिस फेन यांच्या सर्व लकबी बारकाईने उचलल्या आहेत. प्रयत्न प्रामाणिक आहे. परंतु उसन्या गोष्टीला अस्सलाची सर नाही. टोपी पुन्हा खुंटीला अडकवण्याच्या प्रसंगात तर मिस फेन यांची उणीव फारच जाणवली.'

मी मान वर केली नाही. बाईंनी अंड्याची बशी बाजूला केली.

"नाथन," त्या म्हणाल्या, "या पत्राची कचेरी समोरच आहे. मघाशी येताना पाटी बघितली मी. दोन ओळी लिहून दे. जास्त काही नको. त्या दिवशी वही माझ्या हातात होती आणि मी वेगळंच काहीतरी सांगत होतो, एवढंच लिही. कोर्ट नाही, न्यायाधीश नाही. डेटनच्या माणसांनी वाचलं तरी पुरे मला."

त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या. रागही नव्हता. पलीकडच्या टेबलावर व्यवस्थापक टोस्टला लोणी लावत होता, त्याच्या कानावर शब्द जात असावेत असं मला वाटलं. कदाचित जातही नसतील. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. समोर जाऊन दोन ओळी लिहून परत यायला पुष्कळ वेळ होता.

"बाई," मी म्हटलं, "माझी गाडी नऊ चाळीसची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातमोजे घातले, उजवा घालायला त्यांना जरा वेळ लागला.

"जा मग," त्या म्हणाल्या. "चुकेल."

मी गेलो. फलाटावर वीस मिनिटं उभा होतो.